देवाला ऊन लागतंय

आमच्या भोर-वेल्ह्याला गेल्या काही वर्षांत सरकारदरबारी बरंच काही मिळालं. आधी ती यादी वाचा, मग बोलू.

२०२२ मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं राज्यात १२ नवी संवर्धन राखीव क्षेत्रं मंजूर केली, त्यात एक भोरचं. साधारण २८ चौरस किलोमीटर. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय घेतला. त्याच वर्षी ३१ जुलैला केंद्रानं पश्चिम घाटाच्या इको-सेन्सिटिव्ह क्षेत्राची मसुदा अधिसूचना काढली. सहाव्यांदा. २०१४ पासून मसुदाच निघतोय. आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात आपला राजगड आला. तोरणा राहिला. जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, स्वराज्याचं तोरण जिथं बांधलं तो. असो.

नावाची एक गंमत सांगतो. भोर संस्थानात राजगड नावाचा तालुका होताच. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे संस्थानाचे पाच तालुके. १९४८ ला संस्थान विलीन झालं आणि ती नावं दप्तरात गेली. म्हणजे नवं नाव आपल्याला जुन्याच कपाटातून काढून दिलंय. मला त्याचा आनंद आहे, पेढे मीही खाल्लेत. एसटीचा कंडक्टर मात्र अजून ‘वेल्हं, वेल्हं’ असंच ओरडतो.

आता माझा प्रश्न. या एवढ्या घोषणांमधल्या एका तरी घोषणेमुळं तुमच्या गावच्या रानात काल चालत होतं ते आजपासून चालणार नाही, असं तुम्हाला घरी येऊन, ग्रामसभेत, निदान दवंडी देऊन कुणी सांगितलं का?

मागच्या महिन्यात नीरा-देवघरच्या बाजूला एका गावात पाणीटंचाईची बातमी करायला गेलो होतो. सरपंच ओळखीचे. चहा झाल्यावर म्हटलं, “भाऊ, ते संवर्धन राखीव झालंय ना, ते तुमच्या शिवारात येतं का?” ते म्हणाले, “राखीव म्हंजे कुठलं? महिला का ओबीसी?”

चेष्टा नव्हती ती. गावाकडं ‘राखीव’ म्हटलं की सरपंचपदाची सोडतच आठवते. मी मोबाईलवर बातमी काढून दाखवली. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, “म्हंजे जमिनी जाणार का?”

यात सरपंचांची चूक धरू नका. त्यांचा प्रश्न बरोबरच होता, आणि त्याला उत्तर द्यायचं काम ज्यांचं होतं त्यांनी ते त्यांच्यापर्यंत पोचवलं नव्हतं. म्हणून कायद्यात काय आहे ते इथं साध्या भाषेत लिहितो. कंटाळा आला तरी वाचा.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २००२ च्या दुरुस्तीनं कलम ३६-अ आलं, त्यातून ‘संवर्धन राखीव’ हा प्रकार तयार झाला. हे राखीव सरकारी मालकीच्या जमिनीवरच करता येतं. तुमचं मालकीचं खाचर, तुमचं वरकस त्यात जात नाही. गाव उठवणं यात नाही. रानाला आग लावायची नाही, जनावरांना इजा होईल असं विष, रसायन, स्फोटक वापरायचं नाही, अशी बंधनं आहेत, आणि ती असायलाच हवीत. महत्त्वाचं म्हणजे, स्थानिक लोकांशी चर्चा करूनच हे जाहीर करायचं, असं कायद्यातच लिहिलंय.

पुढचं कलम ३६-ब. राखीव क्षेत्राला एक व्यवस्थापन समिती लागते. त्यात वनखात्याचा माणूस सदस्य-सचिव. ज्या ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत हे क्षेत्र येतं त्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे तिघं. कृषी आणि पशुसंवर्धन खात्याचा एकेक. म्हणजे त्या सरपंचांना कायद्यानं या समितीत खुर्ची आहे. ज्याला खुर्ची आहे त्याला ती कुठल्या खोलीत आहे हे माहीत नसेल, तर त्या राखीवाला काय अर्थ आहे?

आता “जमिनी जाणार का” हा प्रश्न तोंडातून पहिला का निघतो तेही बघू. पुण्यातल्या पर्यावरणवाल्या मित्रांना वाटतं, गावकऱ्यांना जंगल नकोच आहे. तसं नाही. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी. या एवढ्याशा मुलखात पाच धरणं आहेत. पुण्याच्या नळाला येणारं पाणी वेल्ह्याच्या डोंगरातून जातं. भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणच्या उसाला जातं. वरच्या वाड्या-वस्त्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघायची. धरण उशाला, कोरड घशाला. पुण्यात ‘पानशेत’ म्हटलं की १२ जुलै १९६१ चा पूर आठवतो. आमच्याकडं पानशेत म्हटलं की पाण्याखाली गेलेली शेतं आणि घरं आठवतात. सरकारी नकाशावर आपल्या डोंगराभोवती रेघ ओढली गेली की पुढं काय होतं, हे इथल्या तीन पिढ्यांनी बघितलंय.

आणि दुसरीकडं २००१ मध्ये मुळशी-वेल्ह्यातली १८ गावं हिल स्टेशनसाठी अधिसूचित झाली, डोंगर कापून लवासा उभं राहिलं. केंद्राच्या पर्यावरण खात्याची काम थांबवायची नोटीस आली ती २०१० च्या नोव्हेंबरात. तोवर मोसे खोऱ्याचा चेहरा बदलून गेला होता. ज्या माणसाला सरपणाच्या मोळीसाठी गार्डासमोर हात जोडावे लागलेत, त्यानं हे समोरच्या डोंगरावरून बघितलंय. त्याला जाऊन तुम्ही ‘पर्यावरण वाचवा’ सांगणार आणि तो टाळ्या वाजवणार, असं होत नाही.

पण म्हणून सगळा दोष वर ढकलून मोकळं होता येत नाही. माझ्या पोस्टचा खरा विषय इथून पुढं आहे.

भोर-वेल्ह्यात संरक्षित जागा २०२२ मध्ये आल्या नाहीत. त्या होत्याच. गावोगाव देवाची राई होती. मेंगाईची, काळकाईची, वाघजाईची, शिरकाईची, कुठं नुसत्याच ‘जननी’ची. भोवतीचा डोंगर राब-कुमरीला, कोळशाच्या भट्ट्यांना, मालकी रानातल्या ठेकेदाराच्या कुऱ्हाडीला गेला, आणि मधेच दोन-चार एकरांचा हिरवा ठिपका तसाच राहिला. आत शिरलं की उन्हाळ्यातसुद्धा अंगावर गारवा. आंबा, जांभूळ, बेहडा, अंजनी, आणि झाडाझाडांवरून गेलेली मनगटाएवढी गारंबी, तिच्या हात-दीड हात लांब शेंगा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या अशा देवराया हिंडून त्यांची नोंद केली आणि जगातल्या शास्त्रज्ञांना दाखवून दिलं की ही नुसती अंधश्रद्धा नाही, शेकडो वर्षं चाललेलं जंगल राखणं आहे. पुढं २०११ मध्ये गाडगीळ समितीचा अहवाल आला आणि त्यावर जे रामायण झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या गोंधळात बहुतेकांनी अहवाल वाचलाच नाही. निर्णय ग्रामसभेला विचारून घ्या, हेच त्यात परत परत सांगितलं होतं.

राईचा नियम काय होता? वाळकी काटकी उचलायची नाही. बस्स. हा नियम कुठल्या राजपत्रात नव्हता आणि गावातल्या सहा वर्षांच्या पोरालाही पाठ होता. कुणी मोडला तर काय होतं तेही ठाऊक होतं. देवी कोपते, गुरं मरतात, घरात आजारपण येतं. तुमचा त्यावर विश्वास असो नसो. बोर्ड नाही, गार्ड नाही, समिती नाही, तरी राई टिकली.

मग आता का जातेय?

एका गावाचं सांगतो. नाव लिहीत नाही, कारण हे दहा गावांत झालंय आणि एकालाच पिंजऱ्यात उभं करायचं नाही. राईत देवीचं जुनं ठाणं होतं. चार लाकडी खांब, वर कौलं, तीन बाजू उघड्या. काही ठिकाणी तर देवीला छप्परच चालत नाही म्हणतात, तिला झाडाचीच सावली लागते. गावची निम्मी माणसं मुंबईला. पंधरा-वीस वर्षं घाम गाळून जरा बरे दिवस आलेले. गावाकडच्या देवीसाठी काहीतरी मोठं करावं ही त्यांची इच्छा, आणि त्यात खोटं काहीच नाही. वर्गणी निघाली. आरसीसीचं मंदिर, वर रंगीत शिखर, पुढं सभामंडप, गाड्या लावायला जागा, सगळीकडं फरशी. त्यासाठी दोन आंबे, एक जांभूळ आणि तिघांनी हात धरून कव घालावी लागायची असा एक बेहडा पाडला. कौल लावून देवीची परवानगी घेतली होती म्हणे. देवी परवानगी देते, नाही का, वर्गणी गोळा झाल्यावर.

त्या जीर्णोद्धार सोहळ्याची बातमी मी केली होती. ‘भव्य मंदिराचा कलशारोहण सोहळा उत्साहात’. मान्यवरांची अठरा नावं, एकाचंही सुटलं नाही. फोटोत शिखर छान आलं होतं. झाडांबद्दल एक ओळ लिहिली नाही. विचारलंही नाही, परवानगी कुणाची घेतली म्हणून. जाहिरातही आली होती, तेही सांगून टाकतो.

दोन वर्षांनी चैत्रात यात्रेला गेलो. दुपारी साडेबारा-एकची वेळ. बायका अनवाणी फरशीवरून पळत होत्या, पाय भाजत होते म्हणून. गुरवांनी दारापासून गाभाऱ्यापर्यंत ओली गोणपाटं अंथरली होती. मी म्हटलं, “आबा, मंदिर लय भारी झालं.” ते म्हणाले, “भारी झालं की. पन आता देवाला ऊन लागतंय.” मग थोडं थांबून, “खालचा पाणोठा पण होळीलाच आटायला लागलाय. पयले मे काढायचा.”

या म्हाताऱ्याला मी बातमीत कधी घेतलं नव्हतं. मान्यवरांत ते बसत नव्हते.

तर सांगायचं असं की वरून येणारं संरक्षण गावापर्यंत पोचत नाही, आणि गावाचं स्वतःचं होतं ते आपण आपल्या हातानं मोडतोय. दोन्ही एकाच वेळी चाललंय. आणि मधल्या मधे रान चाललंय.

नुसती राईच नाही. राजगडाच्या सुवेळा माचीवरचं नेढं बघा. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा कातळ, वाऱ्या-पावसानं कोरून आरपार भोक पडलेलं. माणसानं त्याला छिन्नी लावलेली नाही. आंध्रात तिरुमलाला अशीच एक नैसर्गिक कमान आहे, ती राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपली जाते. महाराष्ट्रात लोणारच्या सरोवराला तो मान आहे. आपलं नेढं सुरक्षित आहे ते गड राज्य पुरातत्त्व खात्याकडं संरक्षित आहे म्हणून, म्हणजे शेजाऱ्याच्या पुण्याईनं. भूवारसा स्थळं जपायला स्वतंत्र कायदा करायचा मसुदा केंद्रानं २०२२ मध्ये आणला होता. रायरेश्वराच्या पठारावर सात रंगांची माती आहे म्हणतात, तिला तर तेवढीही पुण्याई नाही. माती बघायला येणारे पिशवीत भरून घेऊन जातात. घरी शोकेसमध्ये ठेवायला. रविवारी शंभर जण येत असतील आणि प्रत्येकानं एक मूठ उचलली तर हिशेब तुम्हीच करा. पठारावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी जंगम मंडळी आहेत. ती माती त्यांच्या दारात आहे, राखायला त्यांच्याइतकं योग्य कोण? त्यांना ते अधिकारानं सांगता यावं असा कागद मात्र त्यांच्या हातात कुणी द्यायला हवा.

कागद मिळवायचे रस्ते आहेत, आणि ते आत्ता उघडे आहेत.

१८ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानातल्या ‘ओरण’ म्हणजे तिथल्या देवरायांबद्दल निकाल दिला. जागेवर जाऊन आणि उपग्रहावरून प्रत्येक देवराईची मोजणी करा, आकार किती लहान हे बघू नका, तिला वन म्हणून नोंदवा, आणि कलम ३६-क खाली ‘समुदाय राखीव’चं संरक्षण द्या, असं राजस्थान सरकारला सांगितलं. शिवाय सगळ्या देशातल्या देवरायांसाठी धोरण करा, अशी शिफारस केंद्राला केली. निकाल राजस्थानपुरता म्हणून आपण हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. ३६-क चा फायदा असा की जिथं जमीन समाजाची किंवा खाजगी आहे आणि लोक स्वतःहून पुढं येतात, तिथं तो लागू होतो. आपल्या राया कुठं वनखात्याच्या हद्दीत, कुठं देवस्थानच्या नावावर, कुठं चक्क कुणाच्या मालकीच्या सातबाऱ्यावर आहेत. हा घोळ ज्याला माहीत आहे त्याला या कलमाचं मोल कळेल.

दुसरं, प्रत्येक ग्रामपंचायतीत कायद्यानं जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे आणि तिची लोकजैवविविधता नोंदवही असते. हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, नाहीतर राज्याला महिन्याला दहा लाखांचा दंड, तेव्हा या नोंदवह्यांची एकच धावपळ उडाली. तुमच्या ग्रामपंचायतीची वही कपाटातून काढायला सांगा. गावकरी म्हणून तो तुमचा हक्क आहे. देवराईचं पान उघडा. तुमच्या राईतली झाडं त्यात आहेत की शेजारच्या तालुक्यातली, ते मला कळवा.

आणि तिसरं आपल्याच हातातलं. मंदिर बांधू नका असं मी म्हणत नाही. मी कोण सांगणारा, माझी आई अजून दर मंगळवारी जाते. जुन्या जोत्याच्या बाहेर एक फूट जायचं नाही, फरशी राईत घालायची नाही, गाड्या खाली रस्त्यालाच लावायच्या, एवढे तीन ठराव जीर्णोद्धार समितीनं वर्गणीच्या पहिल्या बैठकीत करावेत. मुंबईकर मंडळी ऐकत नाहीत असं नेहमी सांगतात. मी दोन मंडळांशी बोललोय. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. एकजण म्हणाला, “दादा, आम्हाला वाटलं गावाला सिमेंटच पाहिजे.”

हे लिहिल्यावर दोन्हीकडून शिव्या पडणार. काही म्हणतील, हा देवाच्या आड येतो. काही म्हणतील, इको-सेन्सिटिव्हचा दलाल. पहिल्यांनी चैत्रात दुपारी त्या फरशीवर चप्पल काढून उभं राहावं. दुसऱ्यांना एवढंच, त्या मसुद्यात बंदी आहे ती खाणी, दगडखाणी, वाळू उपसा, लाल यादीतले कारखाने, औष्णिक वीज आणि २० हजार चौरस मीटरच्या वरची बांधकामं यांना. तुमच्या तीन खोल्यांच्या घराला नाही. तुमच्या डोंगरावर २० हजार चौरस मीटर कोण बांधणार आहे, त्याचं नाव तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी माझ्या गावात अर्ज देतोय. त्यात तीन मागण्या आहेत. भोर संवर्धन राखीवाचा नकाशा गट नंबरांसह ग्रामपंचायतीत लावा. त्याच्या व्यवस्थापन समितीवर कुठल्या ग्रामपंचायतीकडून कोण आहे ते वाचून दाखवा. आणि गावच्या राईची मोजणी करून तिची हद्द, झाडं आणि पाणोठा ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या. ग्रामसेवक म्हणाले, विषयपत्रिकेवर घ्यायचं तर आठ दिवस आधी द्या. आठ दिवस आधी देणार आहे.

अर्जाचा नमुना पहिल्या कमेंटमध्ये टाकलाय. गावाचं नाव बदलून वापरा. पोच घ्यायला विसरू नका, शिक्का आणि तारखेसह.